वास : नाही

बाटली काठोकाठ भरायची. झाकण लावून उलटी धरायची, बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर ती बाटली गेली. पेट्रोलला पळायला हवा लागते. तेवढा एक बुडबुडा त्याला पुरतो.

भर दुपारी दाजी स्वेटर घालून अंगणात बसले आहेत. येणारा-जाणारा विचारतो, "थंडी वाजतेय?" दाजी म्हणतात, "छे, फॅशन आहे."

पंपावरच्या हिरव्या पाटीवर लिहिलंय : हवा मोफत.

"तुम्ही रक्ताच्या नात्यातले का?" नर्सने विचारलं. "मेहुणा," तो म्हणाला. "मग नाही," ती म्हणाली आणि फॉर्म काढून घेतला.

जमिनीखालची लोखंडी टाकी पंचवीस वर्षं टिकते असं धरतात. गळायला लागली तरी वरच्यांना कळत नाही. रोज थोडं पेट्रोल हवेत उडून जातं असं आधीच धरलेलं असतं, गळणारं त्यातच जिरून जातं.

कोरी बाटली म्हणजे : प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी विहिरीपाशी उघडायचं, तिथल्याच हवेत, त्याच हातांनी बाटलीत भरायचं आणि बाकीच्या बाटल्यांबरोबर पाठवायचं. त्यात काही सापडता कामा नये. सापडलं तर घाण विहिरीची नाही, आपल्या हाताची. मग सगळा गठ्ठा बाद.

हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलेलं. तो भूजल तपासणीच्या कार्यालयात नमुने घेणारा. पंपांच्या टाक्या गळतात, पेट्रोल मातीतून पाण्यात उतरतं. ते कुठवर पोचलं हे कळावं म्हणून हा आसपासच्या विहिरींचं पाणी भरून प्रयोगशाळेत नेतो. एकोणतीस वर्षं. कार्यालयात त्याला 'बाटली' म्हणतात. "बाटली कुठाय?" "बाटली फिरतीवर." बायकोला हे अजिबात आवडत नाही. फोनवर कुणी "बाटली आहे का घरी?" असं विचारलं की ती म्हणते, "आमच्याकडे कुणी पीत नाही," आणि ठेवून देते.

त्याच्या नोंदवहीत पाच रकाने असतात. ठिकाण, खोली, वास, रंग, शेरा. जे झालं ते त्यांत बसवायचं.

ठिकाण

"मामा, ही विहीर तुमच्या ओळखीची दिसते," नव्या भूशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या.

विहिरीच्या पत्र्याच्या झाकणाला दोन कड्या होत्या. त्याने न बघता डावी ओढली होती. उजवी गंजून बसलीय हे त्याच्या हाताला माहीत होतं.

"तीन वर्षांपूर्वी आलो होतो," तो म्हणाला.

तेवढं खरं होतं. घर त्याच्या थोरल्या बहिणीचं आहे, हे त्याने सांगितलं नाही. नातेवाइकांच्या घरचा नमुना दुसऱ्याने घ्यायचा असा नियम आहे. दुसरा म्हणजे कार्यालयातला एकमेव दुसरा नमुनेवाला. बाटलीत बुडबुडा दिसला तर बाटली आडवी ठेवून देणारा माणूस.

घरांची एकच ओळ. पाच घरं, पाच विहिरी. मागे भिंत, आणि भिंतीपलीकडे चाळीस पावलांवर पंप.

अक्का दारात आली. काय करायचं ते आदल्या दिवशी फोनवर ठरलं होतं. "साहेब, चहा ठेवू का?" तिने विचारलं. त्याला तिने जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. लहानपणी नाक पुसलं होतं.

"नको, काम चालू आहे," तो म्हणाला.

"घ्या हो साहेब," अंगणातून दाजी म्हणाले. स्वेटर, वर शाल, चेहरा जुन्या कागदासारखा. "बाईंनाही द्या. आमच्या विहिरीच्या पाण्याचा आहे. ऑक्टेन जास्त आहे."

बाई हसल्या नाहीत. त्या हुशार होत्या, आणि प्रामाणिक. कामात असे लोक क्वचितच भेटतात, आणि याला ते आजच भेटायचे होते. यंत्राने भिंतीलगत भोक पाडलं, नळीतून मातीचा लांबट दांडा बाहेर आला. बाईंनी तो फळीवर ठेवून सुरीने उभा चिरला. वरपासून खालपर्यंत पिवळी वाळू. स्वच्छ. पेट्रोलची वाफ मोजणारा मीटर नेला, काटा हलला नाही.

"ही माती इथली नाहीये," बाई म्हणाल्या.

यंत्रवाला म्हणाला, "दोन वर्षांमागं टाकी बदलली ना त्यांनी. रात्रंदिवस ट्रक चालू होते. खालची काळी माती सगळी उचलून नेली, ही भरली."

"कुठे नेली?"

यंत्रवाल्याने हात पसरले. एवढ्या मोठ्या जगात मातीला जागेची काय कमी.

त्याने त्या दिवशी सगळं नियमाप्रमाणे केलं. प्रत्येक विहिरीला नवे हातमोजे. पाचही ठिकाणी कोरी बाटली, एकाऐवजी दोन-दोन. जनरेटर आणलाच नाही. पाणी हाताने उपसलं, चोपन्न फुटांवरून, दोरीने हात सोलवटेपर्यंत.

"एवढी काळजी घेणारा माणूस मी नाही पाहिला," बाई म्हणाल्या.

खोली

तीन वर्षांपूर्वी अक्काचा फोन आला होता. "पाण्याला वास येतोय रे. रॉकेलसारखा. ये ना एकदा."

त्याने गुपचूप ती ओळ तपासणीच्या यादीत घुसवली. पाच विहिरी, एक दिवस. सकाळी वीज गेलेली. उपसा पंप चालवायचा तर जनरेटर हवा, जनरेटरला पेट्रोल हवं. त्याने डबा उघडला, भरलं, झाकण लावलं. तेवढ्यात अक्का म्हणाली, "आधी माझ्या विहिरीचं घे, मला शाळेत जायचंय." ती शाळेत झाडलोट करायची. त्याने बाटल्या उचलल्या.

हातमोजे तेच.

ही चूक नवा माणूस पहिल्या आठवड्यात करतो. त्यासाठी तो नव्यांना पहिल्याच दिवशी उभं करून विचारायचा, "पेट्रोलला हात लागला, आता काय करायचं?" आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "हातमोजे बदलायचे." वर्षानुवर्षं तो हे शिकवत होता. दुसऱ्या विहिरीवर पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तिथे त्याने बदलले. मागे जाऊन पहिल्या बाटल्या, त्यांतली कोरीही, पुन्हा भरायला पाऊण तास लागला असता. अक्का कुलूप लावून गेली होती.

वास घेऊन बघावा म्हणून त्याने अक्काच्या विहिरीची बादली नाकाशी नेली होती. काहीच नाही. नाकाने आयुष्यभर पेट्रोल ओढलं होतं, ते आता पेट्रोलला ओळख देत नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं का? थोडंसं होतं. वयाने माणसाला कमी ऐकू येतं तसं. पण कमी ऐकणारा माणूस 'मी ऐकलं नाही' असं म्हणत नाही, 'कुणी बोललं नाही' असं म्हणतो.

त्याने लिहिलं. वास : नाही.

बारा दिवसांनी प्रयोगशाळेतून कागद आला. कोरी बाटली दूषित. गठ्ठा बाद. आकडे कळवत नाहीत; बाद म्हणजे बाद. खाली एक ओळ त्याने भरायची होती : कोरी बाटली दूषित होण्याचे कारण. कारण लिहिलं तर पंधरा दिवसांत पुन्हा नमुने घेतात. लिहिलं नाही तर ती ओळ यादीच्या शेपटाला जाते.

तो पेन घेऊन बसला. 'हातमोजे' लिहायचं म्हणजे नव्यांनी मागे हसायचं. आणि चौकशी झाली तर घर कुणाचं तेही निघायचं. शिवाय त्याला मनापासून वाटलं की सापडलेलं पेट्रोल आपल्याच डब्यातलं आहे. हाताला लागलं होतंच ना. मग विहिरीला कशाला दोष द्यायचा?

त्याने लिहिलं : कारण समजले नाही.

अक्का तेव्हा लांबच्या नळावरून पाणी आणत होती. कमरेचं दुखणं, दोन हंडे. दिवसाआड फोन. "आला का रे रिपोर्ट? नाही म्हणजे, मरू दे ते पाणी, पण कमरेनं मी आधी मरेन."

"आला," तो म्हणाला. "काही नाही त्यात. प्या."

वास

"काम काय करायचे हे?" डॉक्टरांनी दाजींकडे बोट दाखवून अक्काला विचारलं. हे आत्ताचं, दोन महिन्यांपूर्वीचं.

"गवंडी होते."

"पेट्रोलशी संबंध? रंग, गोंद, चामड्याचं काम?"

"सिमेंटशी होता," दाजी म्हणाले. "आणि हिच्याशी."

"सिमेंटनं असं होत नाही." डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. यांच्या मगजाने ते काम थांबवलंय. बाहेरून रक्त चढवायचं, आठवड्याला एक पिशवी, मग दोन. कधी कधी पेट्रोलमधल्या एका द्रव्यामुळे असं होतं, म्हणून विचारलं. "तसा काही पुरावा असेल, पाण्याचा वगैरे रिपोर्ट, तर आणा. मला कारण लिहिता येईल. वरच्या संस्थेकडे केस पाठवता येईल, तिथे वेगळे उपचार आहेत. 'कारण अज्ञात' असेल तर ते घेत नाहीत."

अक्काने भावाकडे पाहिलं नाही. ती खिडकीकडे बघत होती. तेच त्याला जड गेलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कार्यालयात त्या ओळीचा पिच्छा पुरवला. फायली वर काढल्या, यादीत नाव चढवलं, नव्या बाईंना पटवलं. एक कागद. विहिरीत पेट्रोल आहे असं म्हणणारा एक खरा, न बाद झालेला कागद. सोलवटलेल्या हातांनी बाटल्या देऊन आला तेव्हा नऊ दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

रंग

निकाल हिरव्या शाईत येतो, जेव्हा पाणी चांगलं असतं.

पाचही हिरवे. सगळ्या कोऱ्या बाटल्या स्वच्छ. बाईंनी टिप्पणी लिहिली होती : काम अत्यंत काळजीपूर्वक केलेले असल्यामुळे हे निकाल पूर्ण विश्वासार्ह मानावेत.

"चांगली बातमी आहे ना?" बाई म्हणाल्या. "टाकी बदलली, माती नेली, दोन पावसाळ्यांनी पाणी धुऊन निघालं. होतं असेल कधीतरी तर आता नाही."

"होतं असेल," तो म्हणाला.

"पण 'असेल' लिहिता येत नाही."

मग तो प्रयोगशाळेत गेला. तिथल्या बाई त्याच्याच वयाच्या, एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. त्याला पाहताच त्या म्हणायच्या, "या बाटलीशेठ, भरलेले की रिकामे?" त्या दिवशीही म्हणाल्या, आणि त्याचा चेहरा बघून खुर्ची पुढे केली.

"तीन वर्षांपूर्वीचा गठ्ठा. बाद झालेला. त्याचे आकडे असतील का?"

"बाद वहीत असतील. पण ते कुणाला द्यायचे नसतात."

"द्यायचे नाहीत. नुसते वाचा."

त्यांनी कपाटाच्या खालच्या फळीवरून जाड वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. चष्मा वर ढकलला.

"कोरी बाटली : सहा."

"सहा?"

"सहा. नखाएवढं. हाताला लागलं असेल कुणाच्या."

"आणि विहिरीची? पहिली?"

त्यांनी बोट ओळीवर ठेवलं आणि काही वेळ उचललं नाही.

"बाराशे चाळीस," त्या म्हणाल्या. "दहाच्या आत हवा." मग हळूच, "हाताने एवढं येत नाही हो. सहाच्या दोनशे पट आहे. हे विहिरीतच होतं."

बाद वहीत आकडे लाल शाईत लिहितात. बाराशे चाळीसमधला शून्य नीट गोल होता. लिहिणाऱ्याने घाई केलेली नव्हती.

"तेव्हा कुणी कारण लिहिलं असतं तर परत घेता आले असते नमुने," त्या म्हणाल्या. पान त्यांच्याकडे होतं, त्याची सहीही तिथेच होती. त्यांनी ती पाहिली. वही मिटून जागेवर ठेवली. चहाचं विचारलं नाही.

शेरा

मोठ्या साहेबांपुढे त्याने हाताने लिहिलेलं पान ठेवलं. हातमोजे. बहीण. कारण ठाऊक असून लिहिलं नाही. विनंती : जुना आकडा ग्राह्य धरावा.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. वाईट माणूस नव्हता. खिडकी बंद केली, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"यातून काय सिद्ध होतं सांगू? एक, तू हातमोजे बदलले नाहीस. दोन, ते घर तुझ्या बहिणीचं. म्हणजे आधी नमुना नुसता बाद होता, आता घरचाही आहे."

"पण सर, दोनशे पट—"

"बाद वहीत आहे ना? बाद वहीत काहीही असू शकतं. माझ्या आजीचं वय असू शकतं." त्यांनी पानाची घडी घातली. "पंपवाल्यांचा वकील हे पान पाच मिनिटांत तुझ्या गळ्यात बांधेल. आणि आजचा रिपोर्ट? तोही तूच घेतलास, बहिणीच्या घरी. तोही जाईल. उरलेल्या चार घरांचं हिरवं पाणीही संशयात. कुणाचं भलं झालं?"

"डॉक्टरांना एक ओळ हवीय, सर."

"ती तुझ्याकडे होती," साहेब म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी. एका ओळीचीच जागा होती."

त्यांनी पान त्याच्या खिशात घातलं, वरून थोपटलं. "घरी जा. मी हे पाहिलं नाही."

तो घरी गेला नाही. दवाखान्यात गेला. दाजींना दुसरी पिशवी लागली होती. अक्का स्टुलावर बसून त्यांची धुतलेली बनियनं घडी करत होती. एका घडीची दोनदा घडी.

त्याने सांगितलं. उभ्यानेच, नोंदवही वाचून दाखवावी तसं. जनरेटर, हातमोजे, कोरी बाटली, कारण समजले नाही. बाराशे चाळीस, दहाच्या जागी.

दाजींचे डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "मेहुण्यानं आयुष्यात एकदा पाजलं, तेही पेट्रोल. लोक काय काय पाजतात."

कुणी हसलं नाही. दाजींनी एक डोळा उघडला. "बस की रे. उभा काय राहिलास, नमुना घ्यायला आल्यासारखा."

तो बसला. अक्काने आणखी एक बनियन उचललं. मग तिने विचारलं, "दहाच्या आत हवा ना?"

"हो."

"आणि तू म्हणालास, प्या."

"हो, अक्का."

तिने हातातलं बनियन मांडीवर ठेवलं. "मी नाही प्यायले," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही.

"माझ्या घशाखालीच उतरायचं नाही. वास यायचा. मी शाळेतून बाटली भरून आणायची, माझ्यापुरती. दोन वर्षं. यांनाही वास यायचा. तांब्या तोंडाशी नेऊन खाली ठेवायचे. मीच म्हणायची, नखरे करू नका, सगळं आयुष्य सिमेंट खाल्लं आणि आता पाण्याला नाव ठेवताय. माझा भाऊ यातला माणूस आहे. तो खोटं सांगेल का?" ती थांबली. "रोज म्हणायची रे. रोज भरून द्यायची, आणि उभी राहायची, संपवेपर्यंत."

"अगं, पुरे," दाजी म्हणाले.

"त्याला कळू दे."

"त्याला कळलंय. मला थंडी वाजतेय, ते बघ."

दोघं एकदम उठली. शाल पायापाशी होती. तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं. लहानपणी चादरीची घडी घालताना धरायची तसं. ती दाजींवर पसरली. अक्काने खांद्यापाशी खोचली, त्याने पायांपाशी. पाय बर्फासारखे होते. तो ते हातात धरून बसला, आणि कुणी त्याला सोड म्हटलं नाही.

डॉक्टरांनी केसपेपरवर 'कारण अज्ञात' लिहिलं. वरच्या संस्थेने कागद परत पाठवले. दाजी त्यानंतर एकोणीस दिवस होते.

विहीर पंपाच्या अकरा वर्षं आधीची आहे. खणणारे तिघं होते, सगळ्यात खाली दाजी, वय बावीस. चोपन्नाव्या फुटावर पाणी लागलं तेव्हा त्यांनी ओंजळभर पिऊन वर ओरडून सांगितलं होतं की गोड आहे.